धुलाईचं पाणी

जळगावच्या एमआयडीसीत भूषणभाऊंचा शेतीच्या काळ्या पाइपांचा कारखाना आहे आणि तिथली खरेदी पुनम बघते. ती मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन जळगावला आली, सुरुवातीला या कारखान्यात बिलं टाइप करायची, मग हळूहळू खरेदीचं टेबल तिच्याकडे आलं. पाइपासाठी लागणारा प्लास्टिकचा दाणा कोणाकडून घ्यायचा, कोणाचा माल परत पाठवायचा, हे तीच ठरवते. भूषणभाऊ सही करतात आणि अधूनमधून कुरकुर करतात.

काळा पाइप ज्या दाण्यापासून बनतो तो बराचसा ठिबकच्या जुन्या नळ्यांचा असतो. रावेर-सावद्याकडे केळीचा बाग काढला की या नळ्या भंगारात निघतात. त्या गोळा करायच्या, धुवायच्या, दळायच्या आणि वितळवून पुन्हा त्यांचा दाणा पाडायचा, असा हा धंदा. नळ्यांत माती असते, खतांचे क्षार असतात, शेवाळ असतं. त्यामुळे धुलाईला पाणी भरपूर लागतं आणि बाहेर पडताना ते काळंकुट्ट झालेलं असतं.

त्या वर्षी होळीच्या आधी पुण्याच्या एका कंपनीकडून निरोप आला. ही कंपनी भूषणभाऊंचे पाइप घेऊन केनियाला पाठवायची. यापुढे पाइपच नाही, तर पाइपाचा दाणा कुठून येतो तेही बघणार, असं तिचं म्हणणं होतं. दाणा बनवणाऱ्याकडे धुलाईचं पाणी साफ करायची सोय हवी, कामगारांच्या हातात मोजे हवेत, सगळं कायद्यात हवं.

"बरोबरच आहे त्यांचं," भूषणभाऊ म्हणाले. "ताई, तुम्ही दोन-चार ठिकाणी जाऊन बघा आणि त्यातला स्वच्छ असेल तो निवडा. फक्त दर वाढता कामा नये. पुणेवाले आपला दर वाढवणार नाहीत."

पुनम सगळ्यात आधी लोटन आबांकडे गेली. पाचोऱ्याच्या बाहेर, नाल्याच्या काठी आबांची पत्र्याची शेड होती. कारखाना सुरू झाला तेव्हापासून दाणा त्यांच्याकडूनच यायचा. माल चोख, शब्दाला पक्के. पुनम नवी होती तेव्हा चांगला दाणा हातावर घेऊन कसा ओळखायचा, हे आबांनीच तिला शिकवलं होतं. पण इतक्या वर्षांत ती त्यांच्या शेडवर कधी आली नव्हती. आबाच जळगावला यायचे.

"ये बेटा, बस. आज तू सवताच उनी?" आबा खुश झाले. चहा सांगायला ते आत गेले आणि पुनम मागच्या बाजूला वळली.

मागे जमिनीत एक खड्डा होता. पाच-सहा बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नळ्या चोळत होत्या. पाण्यावर करडा फेस होता आणि धुलाईच्या कॉस्टिक सोड्याचा वास नाकात चढत होता. खड्ड्यातून निघालेली चारी थेट नाल्यात उतरत होती. नाल्याच्या पलीकडे मक्याचं हिरवं शेत होतं, शेताच्या कडेला विहीर. तिथून एक बाई तरातरा इकडे येताना दिसली. साठीची, डोक्याला पदर गुंडाळलेला. ती कुंदाबाई. पलीकडचं शेत तिचं.

"तू सरकारनी शे का?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"नाही अक्का. मी यांच्याकडून माल घेणाऱ्या कारखान्यातली."

"मंग तू बी आयक. हाई पानी मन्ही इहिरमा जास. म्हैस तोंड लावत नही. मी याले धा येळा सांगं."

आबा चहाचे ग्लास घेऊन बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं, पण कुंदाबाईला गप्प केलं नाही.

"खोटं काबर सांगू बेटा," ते म्हणाले. "पानी नालामा जास. दुसरी जागा नही शे मनाकडे. तुले जे लिखनं व्हई ते लिख."

पुनमनं हौद बांधता येतील का, पाणी पुन्हा वापरता येईल का, असं विचारलं. आबांनी मान हलवली. एवढी जागा नाही, आणि बांधून झाल्यावर माल कोणी घेईलच याची खात्री कोण देणार? निघताना कुंदाबाईनं तिचा नंबर मागून घेतला. "आते बंद व्हई का?" तिनं विचारलं. "होईल अक्का," पुनम म्हणून गेली.

मग ती धुळ्यापलीकडच्या नरडाण्याला गेली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत प्रेमराजचं नवं युनिट होतं. प्रेमराज चाळिशीचा, बोलायला नम्र, भिंतीवर ओळीनं फ्रेम केलेली सर्टिफिकिटं. त्यानं तिला सगळं फिरून दाखवलं. धुलाईची स्टीलची लाइन, त्यापुढे पाणी साफ करायचे निळे हौद, मोटरचा संथ आवाज. शेवटच्या हौदातलं पाणी त्यानं काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं. नितळ होतं. कामगारांच्या हातात मोजे, पायात बूट. पुनमच्या मनातलं ओझं हलकं झालं. दरही त्यानं आबांइतकाच सांगितला.

आबांना कळवायला तिनं फोन केला नाही. पुन्हा पाचोऱ्याला जाऊन, त्यांचा माल बंद करत असल्याचं समोर बसून सांगितलं. आबांनी उठून ग्राइंडर बंद केला.

"तुन्हा काय दोष बेटा," ते म्हणाले. "चहा थंडा व्हई ऱ्हायना, पी ले."

तो चहा संपवणं तिला जड गेलं. परतीच्या एसटीत ती स्वतःला समजावत राहिली की हे काम असंच असतं, कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं.

पुण्याची माणसं येऊन नरडाण्याचं युनिट बघून गेली. त्यांना पसंत पडलं. दाणा यायला लागला, केनियाची ऑर्डर सुरू झाली, भूषणभाऊंनी रात्रीची दुसरी पाळी सुरू करून नवी माणसं घेतली. प्रेमराजचा माल चोख होता. एकदा पुनमनं सवयीनं मूठभर दाणा हातावर घेतला आणि क्षणभर तिला वाटलं, हा तर ओळखीचा आहे. पण दाणा शेवटी दाणाच, असं म्हणून तिनं तो पुन्हा गोणीत टाकला.

पावसाळा सरता सरता कुंदाबाईचा फोन आला.

"तू बोलनी व्हती आते बंद व्हई," ती सरळ मुद्द्यावर आली. "पानी तर डबल व्हई गयं. येईसन देख."

आबांचं काम कमी झालं असेल, कदाचित बंदच पडलं असेल, असंच पुनम धरून चालली होती. दुसऱ्या दिवशी ती पाचोऱ्याला गेली तेव्हा शेडचा आवाज लांबूनच ऐकू आला. मागच्या एका खड्ड्याचे दोन झाले होते. धुणाऱ्या बायाही वाढल्या होत्या. दारात ट्रक भरत होता आणि त्यात चढणाऱ्या प्रत्येक गोणीवर प्रेमराजच्या युनिटचं नाव छापलेलं होतं. रिकाम्या, छापील गोण्यांचा गठ्ठा आबांच्या खाटेखाली पडला होता.

पुनम तिथेच उभी राहिली. आबांनी तिला पाहिलं, पण काही लपवायची धडपड केली नाही.

"तू बंद करं, मंग तो उना," ते म्हणाले. "माल तोच शे. फक्त आते तो नरडाणा फिरीसन तुन्हाकडे येस."

"आणि दर?"

"कमी देस. म्हणीसन तर जास्ती धोनं पडस."

म्हणजे पाचोऱ्याहून जळगावला येणारा दाणा आता धुळ्याला वळसा घालून, नरडाण्याचं नाव लावून येत होता. आबांना भाव कमी मिळत होता, म्हणून त्यांनी धुलाई दुप्पट केली होती. नाल्यात दुप्पट पाणी, कुंदाबाईच्या विहिरीत दुप्पट वास. आणि हे सगळं पुनमनं स्वच्छ माल निवडल्यामुळे झालं होतं. ती खाटेच्या कडेवर बसली. आबांनी तांब्यातून पाणी दिलं. ते जारचं होतं. इथलं पाणी तेही पीत नव्हते.

ती तशीच धुळ्याला गेली, रात्री आईकडे राहिली आणि सकाळी न कळवता नरडाण्याला पोचली. प्रेमराजच्या युनिटमध्ये दाणा पाडायचं मशीन थोडंफार चालू होतं. धुलाईची लाइन कोरडी. निळ्या हौदाच्या सावलीत एक कुत्रं आरामात झोपलं होतं.

प्रेमराज धावत आला, पण सारवासारव त्यालाही करता आली नाही. त्यानं पुनमला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"मॅडम, हौद खोटे नाहीत," तो म्हणाला. "मी कर्ज काढून बांधलेत. सुरुवातीला चालवलेही. पण त्याला वीज लागते, औषध लागतं, बघणारा माणूस लागतो. तुम्ही स्वच्छ पाणी मागितलंत आणि दर जुनाच ठेवलात. तुमच्या पुण्याच्या लोकांनीही दराचं एक अक्षर काढलं नाही. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याकडे गेला असता. तोही हेच करत असता."

पुनमला त्याचा राग आला होता, पण त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. ती उठली. माल थांबवत असल्याचं तिनं सांगितलं, आणि हौद खरंच चालवायचे तर काय दर लागेल, तो प्रामाणिकपणे काढून पाठवा, असंही सांगितलं. प्रेमराजनं मान खाली घालून हो म्हटलं.

भूषणभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं.

"ताई, पुण्याची माणसं बघून गेली. त्यांना पटलंय. आपल्याला यातलं काही माहीत नाही, असं धरून चाला."

"पण मला माहीत आहे ना भाऊ."

"ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद करावी लागेल. ही माणसं मी नव्यानं घेतलीत."

"उद्या त्यांनीच येऊन पाहिलं तर दोन्ही पाळ्या जातील," पुनम म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, त्या बाईला मी बंद होईल असं सांगून आले होते. ती विहीर एकदा बघून या. मग तुम्ही म्हणाल तसं करते."

दोन दिवस भूषणभाऊंनी पुनमशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दारातून त्यांनी विचारलं, "पाचोऱ्याला येताय ना?"

विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी आत वाकून पाहिलं. मग कुंदाबाईनं पोहरा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. भूषणभाऊंनी पाण्यात बोटं घातली, नाकाशी नेली आणि रुमालाला पुसली. परतताना गाडीत ते म्हणाले, "आमच्याही गावाला नदीकाठी अशीच विहीर आहे."

पुण्याच्या कंपनीला फोन त्यांनी स्वतः केला. जे झालं ते सांगितलं आणि स्वच्छ दाणा हवा असेल तर जुन्या दरात मिळणार नाही, हेही पहिल्यांदा सांगितलं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं. सांगितल्याबद्दल आभार मानले आणि सोय होईपर्यंत ऑर्डर थांबवत असल्याचं कळवलं. दराचं बघू म्हणाल्या.

दुसरी पाळी बंद झाली. त्या पाळीतला पुना नावाचा कामगार पुनमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, विहीर पाचोऱ्याची आणि घरी बसायचं आम्ही?" एवढंच बोलून तो गेला. पुनमनं त्या दिवशी डबा उघडला नाही. भूषणभाऊंनी काही जणांना दिवसपाळीत आळीपाळीनं काम दिलं, पण सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतंच. पुना शेवटी सुरतेला निघून गेला.

आता आबांकडे जायचं होतं. पुनम आणि भूषणभाऊ दोघं गेले. भूषणभाऊंनी सांगितलं की हौद बांधलेत तर तीन वर्षं माल आम्हीच घेऊ, तसं लिहून देऊ. ते लिहिलेलं दाखवून बँकेत कर्जाचं बघता येईल. दर हौदाचा खर्च धरून ठरवू. आबांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यांनी जुनीच अडचण सांगितली. पाणी एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निवळत न्यायचं, तर तेवढी जागा शेडमध्ये नव्हती. मोकळी पडीक पट्टी होती ती नाल्यापलीकडे, कुंदाबाईच्या शेतात.

"ती देवाव नही," आबा म्हणाले. "अन् मी मांगाव नही. कोनता तोंडघाई मांगू?"

"तुम्हीच मागायला हवं आबा," पुनम म्हणाली. "मी बरोबर येते."

कुंदाबाई ओट्यावर कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ चाळत होती. भूषणभाऊंना शेडवर ठेवून दोघं आली होती. आबा अंगणात उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"वहिनी," आबा पुन्हा म्हणाले, "मन्हाकडथून चूक व्हयनी. तुन्ही इहीर मी खराब करी. आते सुधारनं शे, पन तेबी तुन्हाच जागावर व्हई."

कुंदाबाईचा हात चाळणीवर थांबला. मग तिनं चाळण बाजूला ठेवली.

"जागा भाडावर देसू," ती म्हणाली. "पन इहीर साफ व्हत नही तवलोंग मन्हा घरनं आनि ढोरेस्नं पानी तू आनी देवानं. आनि साफ व्हयनी का तुन्हा बठ्ठा मानसे मन्हीच इहिरनं पानी पेतीन. तू बी. जार बंद."

आबांनी मान हलवली. कुंदाबाईनं दोघांना आत बोलावलं नाही, पण थोड्या वेळानं भाकरी आणि ठेचा बाहेर आणून दिला.

हिवाळ्यात काम सुरू झालं. हौद बांधणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. तळाला बसणारा गाळ कुठे टाकायचा, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. तो वाळवून गोण्यांत भरून ठेवायचा आणि सरकारनं नेमून दिलेल्या ठिकाणी पाठवायचा, एवढं कळायला पुनमला कितीतरी कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागल्या. धुणाऱ्या बायांना बूट आणि मोजे आले. त्यातल्या दोघी मोजे काढून काम करायच्या, नळी हाताला लागत नाही म्हणायच्या. मग पातळ मोजे आणले. खड्डे बुजवले. पहिल्या आठवड्यात मोटर जळाली आणि आबा फोनवर इतके हताश झाले की पुनम रविवारी आपल्या मुलीला घेऊन तिथे जाऊन बसली. प्रेमराजनं त्याचा मोटरवाला नरडाण्याहून पाठवला. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं नवा दरही कळवला होता. तो आबांच्या नव्या दरापेक्षा थोडा जास्त होता, पण खोटा वाटत नव्हता. भूषणभाऊंनी थोडा माल त्याच्याकडूनही घ्यायचं ठरवलं, एका अटीवर. पुनम कधीही, न सांगता येईल.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुण्याच्या बाई स्वतः आल्या. त्यांनी हौद पाहिले, बायांशी बोलल्या. विहिरीचं पाणी आता कसं आहे, असं कुंदाबाईला विचारलं.

"वास गया. पन चव नही उनी आजून," कुंदाबाई म्हणाली.

बाईंनी तेच लिहून घेतलं. महिन्याभरानं ऑर्डर परत आली. पूर्वीएवढी नाही, निम्मी. दर मात्र थोडा वाढवून. दुसरी पाळी अर्धी सुरू झाली. पुनाला निरोप पाठवला, तो आला नाही.

केनियाच्या ऑर्डरसाठी नव्या दाण्याची पहिली गाडी भरायची होती तेव्हा पुनम पाचोऱ्याला आली. आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते. तीही शेजारी बसली. बरेच दिवस मनात होतं ते तिनं विचारलं.

"आबा, मी माल बंद केला तेव्हा राग आला होता ना?"

"उना व्हता," आबा म्हणाले. "माल बंद करा त्याना नही. तुन्हं काम शे ते. पन तू एक डाव बी इचारं नही, आबा, आते काय करशात?"

पुनमनं मान डोलावली. "हो. नाही विचारलं."

"आते इचारस ना बठ्ठास्ले?"

"सगळ्यांना विचारते."

तेवढ्यात नाल्यापलीकडून कुंदाबाईची हाक आली. ट्रकवाल्यानं गाडी नेमकी तिच्या बैलगाडीच्या वाटेत लावली होती आणि चाकाखाली बांध खचत होता. आबा उठायला लागले, तर पुनमनं त्यांना बसवलं आणि ड्रायव्हरला शोधायला ती स्वतःच निघाली.